उत्तर येईपर्यंत

कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही झळकलं की ती आधी उजवा तळहात उभा धरायची, एस.टी. थांबवावी तसा. "थांब रे." आणि तोच प्रश्न मशीनला पुन्हा विचारायची. तुम्ही बघितलं असतंत तर तुम्हीही वैतागला असतात. मी तर जळायचो. स्पष्टच लिहितो.

कसालला आमच्या संघटनेची एक खोली आहे. पत्रकं माझी, घोषणा माझ्या, कॉम्प्युटरचं काम तिचं. मिठबावच्या जेटीची सुनावणी लागली तेव्हा बोलणार मीच, हे मी धरूनच चाललो होतो. ज्याची होडी, घर आणि रेशनकार्ड एकत्र जुळेल तोच बाधित, असा सरकारी फतवा. नोंदी मात्र तीन खात्यांच्या तीन सर्व्हरवर, एकमेकांची ओळख नसलेल्या. एकच प्रश्न तिघांना विचारून उत्तरं जोडणारी दोन सॉफ्टवेअर फुकट मिळत होती. एक मी शोधलेलं, एक तिनं. त्यातलं चांगलं कुठलं ते ठरवायला संघटनेने बसवलं तिला. मला नाही.

माझं सॉफ्टवेअर चहा निवायच्या आत उत्तर द्यायचं. तिचं रेंगाळायचं. ती दोन्ही चालवायची. सकाळी, भर दुपारी आणि मुद्दाम, होडी नोंदणीचा सर्व्हर जिथे आहे त्या ओरोसची वीज गेलेली असतानाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी माझ्या सॉफ्टवेअरने सांगितलं, मिठबावच्या एकाही घराला होडी नाही. माझं डोकं फिरलं. 'सरकारने होड्या गिळल्या' हा मथळाही लिहून झाला. तिचा तळहात वर.

तिच्या सॉफ्टवेअरने एवढंच म्हटलं होतं: होडी नोंदणीकडून उत्तर आलेलं नाही. ओरोसला वीज नव्हती, सर्व्हर बंद. ते गप्प राहणं माझ्या सॉफ्टवेअरने 'होडी नाही' असं जोडून टाकलं होतं. तो कागद सुनावणीत दिला असता तर आम्हीच सगळा गाव बाद केला असता.

"गप रवलो म्हणजे नाय म्हटल्यान असा होणा नाय रे," ती म्हणाली. हे ती रोजच म्हणायची.

संध्याकाळी वीज आली, होड्या जुळल्या. तिने अहवालात माझ्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिलं, 'वेगात हेच पुढे.' वाईट लिहिलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

सुनावणीत मी उठलो, तोच मिठबावचे म्हातारे नाखवा मागून म्हणाले, "तू बस रे. चेडवाक बोलांदे." ती बोलली. घरं बाधितांच्या यादीत लागली. लोक तिच्याभोवती, मी दाराशी चपला शोधत.

मग तिला पुण्यात नोकरी लागली. कसालच्या थांब्यावर तिची बॅग मीच चढवली. खिडकीतून तिने विचारलं, "मी गेल्यावर तुका बरा वाटतला ना?"

मी गप्प राहिलो. गाडी हलली. ती हसली आणि खिडकीत उजवा तळहात उभा धरला.