आधी एक वॉर्ड

"अजून काप," असं म्हणत मॅडम तळहाताची कड टेबलावर मारायच्या, जणू समोर भोपळाच ठेवलाय. आम्ही कौतुकानं मांडलेलं दोन महिन्यांचं काम त्या दोन-दोन दिवसांच्या फोडींवर आणत. "प्रत्येक फोड कुणाच्या तरी कामी यायला हवी. नुसतं साल नक्को."

जामबागेतल्या जुन्या वकिली घरातल्या त्या. मराठी स्वच्छ, मधेच दखनी 'हौ' आणि 'नक्को'. कुकटपल्लीच्या ऑफिसात त्या आमच्या टीमच्या प्रमुख. एका रुग्णालयाच्या सगळ्या शाखांसाठी आम्ही आठ टीम मिळून सॉफ्टवेअर बनवत होतो. प्रत्येक टीमनं आपला भाग पुरा करायचा, शेवटी सगळं जोडायचं आणि सगळीकडे एकदम सुरू करायचं, असं ठरलं होतं. असे बेत तुम्हीही पाहिले असतील. कागदावर फार देखणे दिसतात.

मॅडमनी भर बैठकीत वेगळंच मागितलं. "डॉक्टरनं लिहिलेलं औषध नर्सच्या पडद्यावर दिसू दे. एवढंच. मलकपेठच्या शाखेत, एका वॉर्डात, येत्या सोमवारी."

"एवढंसं काय दाखवायचं?" आठही टीमचे वरिष्ठ असलेले साहेब म्हणाले.

"एवढंसं चुकलं तर एवढ्याशातच शोधावं लागेल, साहेब."

साहेब नाखुशीनं हो म्हणाले. सोमवारी सकाळीच वॉर्डातल्या नर्सचा फोन आला. "मॅडम, एक पेशंट को पांच सौ गोलियां कैसे देना?"

गोळी एकच होती, पाचशे मिलिग्रॅमची. दुसऱ्या टीमकडून आलेला तो आकडा आमच्या पडद्यानं गोळ्यांची संख्या म्हणून दाखवला होता.

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "पाचशे दिसल्या म्हणून तिनं विचारलं. चार दिसल्या असत्या तर दिल्या असत्या."

त्यांनी दोन्ही टीमना एका टेबलाशी बसवलं. "चूक कुणाची ते नक्को. कुठं जुळलं नाही ते दाखवा." जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्ती झाली. सगळं एकदम जोडलं असतं, तर आठ टीमच्या कामात ती चूक हुडकत आम्ही किती दिवस बसलो असतो, आणि तोवर शाखाशाखांत काय झालं असतं, कोण जाणे. पुढच्या बैठकीत साहेबांनीच विचारलं, "आता कुठला वॉर्ड?"

गेल्या वर्षी मॅडम नोकरी सोडून मुलीकडे बंगळुरूला गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांचं काम समजून घ्यायला मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसलो.

"काय काय राहिलंय?"

"काही नाही. शेवटची फोड होती ती सकाळीच वापरात आली."

मी तरीही शोधलं. अर्धवट असं खरंच काही नव्हतं. मग आम्ही चहा घेतला, त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि उन्हं वर असतानाच त्या घरी गेल्या.