फोटो कन्व्हर्ट होईपर्यंत

शनिवार पेठेतल्या आमच्या फोटो स्टुडिओत किस्से साठतात, कारण कॅमेऱ्यातल्या जडजड फाइल्स जेपीजी होईपर्यंत दुसरं करणार काय? गप्पाच!

पूर्वी एकेक फोटो उघडायचा, सेव्ह करायचा, बंद करायचा. एकदा एक नवरदेव वैतागले, "अहो, अजून किती वेळ?"

मालक केळकरकाकांनी मान वर न करता विचारलं, "लग्न ठरायला किती लागला?"

"दोन वर्षं."

"मग बसा."

*

शेवटी मी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. एक कमांड मारली की अख्खं फोल्डर आपोआप कन्व्हर्ट! मी खुशीत चहाला गेलो. परत आलो तर काका माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे.

"माणूस जागेवर नाही आणि काम चालू आहे? आजवर उलटंच पाहिलं होतं!"

*

स्नेहल आमची एडिटर, अमरावतीची. तिनं स्क्रीनवर एक नजर टाकली. "काऊन बे, कॉम्प्युटरले आठ कोर हायेत, तू एकालेच राबवून राहिला?"

काकांना लगेच कळलं. "म्हणजे एक वाढपी वाढतोय आणि सात जण पान खातायत!"

*

मग काय, मी जोशात सगळेच फोटो एकदम सोडले! पंखा घुंऽऽ करायला लागला, माऊस मेला, स्क्रीन गोठली.

काका म्हणाले, "अख्खं वऱ्हाड एकदम हात धुवायला पाठवलंस. बेसिन किती आहेत ते बघितलंस का?"

तेव्हापासून एका वेळी आठच.

*

आणि परवाचा तर कहर! विश्रांतवाडीचे एक गृहस्थ पेनड्राइव्ह न्यायला आले. त्यांची मुलगी त्याच संध्याकाळी कॅनडाला निघणार, त्याआधी घरी सगळ्यांना एकत्र बसून लग्नाचे फोटो बघायचे होते. मी शहाणपणा करून हलक्या फाइल्स आधी लावल्या होत्या, आणि जो फोटो आधी तयार होईल त्याला आधीचा नंबर!

स्लाइड शो लावला. पहिलाच फोटो पाठवणीचा! सगळे रडतायत. मग जेवणं, मग अक्षता. हळद नव्या कॅमेऱ्यावर काढलेली, फाइल्स सगळ्यात जड, म्हणून ती थेट शेवटी. शेवटच्या फोटोत मुलगी घरच्या गॅलरीत पिवळीधमक, खदाखदा हसतेय आणि वडील तिच्या गालाला हळद लावतायत.

केळकरकाका माझ्याकडे असे बघतायत, की नोकरी गेलीच!

"सॉरी साहेब, पाच मिनिटांत क्रम नीट लावून देतो."

मुलीच्या वडिलांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"नको. असंच राहू द्या. यात शेवटी ती घरी येते."