उजेड येतोय की

आमच्या विद्यापीठाच्या वर्कशॉपमधला मदतनीस कुठलीही गोष्ट एक डोळा मिटून बघतो. सात रस्ता चौकात भेटला तरी माझ्याकडे तसाच बघतो.

मी इथे विद्यार्थी होतो. कानशीने घासून काटकोनी करायचा माझा लोखंडी तुकडा त्याने काटकोन तपासायच्या गुण्याला लावला, खिडकीसमोर धरला आणि म्हणाला, "मधनं उजेड येतोय की. परत घास." मी परीक्षेतून कसाबसा सुटलो, तो तुकडा, म्हणजे माझा जॉब, मात्र अपुराच राहिला.

तीस वर्षांनी मी इथलाच कुलगुरू झालो. पहिल्या दिवशी हार घेऊन आलेल्यांच्या रांगेत तोही होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तोच तुकडा. "सायेब, जॉब राहिलाय तुमचा. त्यो झाल्याबिगर मी रिटायर व्हनार न्हाय."

तेव्हापासून दर मंगळवारी मी खाकी ॲप्रन घालून कानस चालवतो. फायली घेऊन आलेले अधिष्ठाता दाराबाहेर थांबतात.

पुढच्या महिन्यात त्याची निवृत्ती आहे. परवा तो चहाला गेला असताना मी गुण्या लावून बघितला. उजेड येत नव्हता.

मी घाईघाईने कानस दोनदा तिरकी मारली.

परत आल्यावर त्याने एक डोळा मिटला. "अजून येतोय की, सायेब," तो म्हणाला आणि खुशीत माझा ॲप्रन खुंटीला लावला.