कोंडीबाच्या हातची किल्ली

फलटणच्या एस.टी. स्टँडामागं माझं मोटारींच्या वायरिंगचं दुकान आहे. उसाचे ट्रक, ट्रॅक्टर, जुन्या मोटारी, ज्याचा दिवा लागत नाही तो माझ्याकडं येतो. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मला जमत नाही, आणि दुकानात ठाण मांडून बसणारा माणूस तर डोळ्यांसमोर नको वाटतो. कोंडीबा तेवढा तासन्‌तास माझ्या बाकावर बसायचा आणि त्याला मी कधी हाकललं नाही. तो बोलायचाच नाही, मग हाकलायचं कशाला?

तो मूळचा जतकडचा. लढाईत लष्कराच्या लॉऱ्या चालवल्या. सुटून घरी आला तर विहिरीला पाणी नाही, रानात ज्वारी नाही. मग अठ्ठेचाळीस साली इकडं उसाच्या मुलखात येऊन, फलटणजवळच्या एका गावात, बागायतदार हंबीररावांच्या मोटारीवर ड्रायव्हर म्हणून राहिला. लग्न केलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ऱ्हाऊन गेलं." मोटारीच्या शेडला लागून खोली होती. तीत एक खाट, एक स्टोव्ह आणि खुंटीला लष्करातला पट्टा. त्या खोलीत सव्वीस वर्षं काढली त्यानं.

मोटार लढाईच्या आधीची, अमेरिकन, काळीभोर. तिचा स्विच स्टेअरिंगच्या नळीवर होता. किल्ली काढली की आतली लोखंडी खुंटी सरकून चाक जाम व्हायचं. मग गाडी ढकलली तरी वळायची नाही. चोर अडवायला केलेली ही सोय, पण वर्षं गेली तसा स्विच आतून झिजला आणि घरच्यांनाही दाद देईना. किल्ली पूर्ण आत घालायची, ज्वारीच्या दाण्याएवढी मागं ओढायची, डाव्या हातानं चाक किंचित आपल्याकडं ताणायचं आणि तेवढ्यात किल्ली फिरवायची. हे एकट्या कोंडीबाला जमायचं. त्यानं ते कुणाला शिकवलं नाही.

"मामा, बदलू या स्विच," मी दोनतीनदा म्हटलं.

"कशाला रं अर्जुना? माजा हात हाय की."

हंबीररावांनाही त्याचं कौतुकच. पाहुणे आले की मुद्दाम किल्ली पुढं करायचे, "लावा बघू चालू." फौजदार झाले, कारखान्याचे डायरेक्टर झाले, सगळे घामाघूम व्हायचे. मग मालक हाक मारायचे, "कोंडीबा!" तो टोपी नीट करत यायचा, दोन बोटांनी किल्ली फिरवायचा, बटण दाबायचा, इंजिन घुमायला लागायचं आणि सगळे हसायचे. दिवसाकाठी त्याला कुणी नावानं हाक मारली तर ती एवढ्यासाठी. माणूस त्या हाकेवर जगत होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात त्याच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि मामा हा एकच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं चार दिवसांची रजा मागितली. हंबीररावांनी हसत दिली, वर नवा फेटा दिला. सकाळची एस.टी. धरायला तो माझ्या दुकानासमोरून जवळजवळ पळत गेला.

लग्नाच्याच दिवशी दुपारी हंबीररावांच्या छातीत कळ आली. थोरला मुलगा लालासाहेब पलटणीत, दूर सरहद्दीवर. गड्यांनी मालकांना उचलून मोटारीत मागं निजवलं. पूर्वी कारखान्यावर ट्रॅक्टर चालवलेला एक गडी होता, रस्त्यापुरती मोटार त्यानं नेली असती. किल्ली खुंटीवर होती, पण हात जतला होता. गड्यांनी आळीपाळीनं फिरवून पाहिली. हंबीररावांच्या बायकोनं, साळूबाईंनी, पदर खोचून पुढं बसून फिरवली, बोटं सोलून निघाली. ढकलावी तर चाक जाम. अर्ध्या तासानं बैलगाडी जुंपली. फलटण सात मैल. पाचव्या मैलाला सगळं संपलं.

कोंडीबाला तार करायची तर कुठं? जतकडचा, एवढंच सगळ्यांना ठाऊक. सव्वीस वर्षं एका आवारात राहिलेल्या माणसाच्या गावाचं नाव कुणाला सांगता येईना, याचा मला अजून संताप येतो. मलाही ते ठाऊक नव्हतं, म्हणून जास्तच येतो.

रजा संपवून तो एस.टी.तून उतरला तो थेट दुकानात आला. डोक्याला नवा फेटा, हातात बुंदीच्या लाडवांचं गाठोडं. गाठ सोडून एक लाडू त्यानं माझ्यापुढं ठेवला. सांगायची पाळी माझ्यावर आली. मला आडवळणानं बोलता येत नाही, मी सरळ सांगितलं. त्यानं मग फेटा उतरवून मांडीवर घेतला.

"चाक उजवीकडं व्हतं का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"शेडमंदी गाडी लावताना चाक तसंच ऱ्हायलं की खुंटी जादा दाबती. सरळ करायचं असतं. मला बस धरायची व्हती."

मालकांच्या घरी त्याला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. भाकरी वेळेवर खोलीत यायची, साळूबाई मात्र शेडकडं फिरकायच्या नाहीत. मोटार धूळ खात उभी राहिली. दोन महिने कोंडीबा मिळेल त्या एस.टी.नं कोल्हापूर, मिरज, सांगली धुंडाळत होता. शेवटी सांगलीतल्या एका भंगारवाल्याकडं तसल्याच मोटारीचा सांगाडा निघाला. त्याचा स्विच, दोन किल्ल्यांसकट, पोत्यात गुंडाळून त्यानं माझ्या बाकावर ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "बशीव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं घेऊन गेलो. आधी बॅटरीची वायर सोडली. स्विच ज्या दोन पिनांवर बसतो त्या चोरानं उपटू नयेत म्हणून आत पक्क्या ठोकलेल्या असतात. त्या काढण्यात माझे दोन तास आणि बऱ्याच शिव्या गेल्या. कोंडीबा शेजारी उकिडवा बसून मागीन ते हत्यार हातात देत होता. जुना स्विच सुटला तेव्हा मी आत बघितलं. खुंटीची एक कड झिजून गुळगुळीत झाली होती, बाकी काही नाही. तो त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो फडक्यानं पुसला.

माझं काळीज हललं म्हणा, किंवा काही म्हणा, मी पिना ठोकायचा थांबलो.

"मामा, ह्यो बसला की कुणीबी गाडी चालू करंल. तुमी लागणार न्हाई. बसत न्हाई म्हणून सांगू का?"

"म्हनूनच आणलाय," तो म्हणाला. "ठोक."

मी ठोकल्या. वायरी जोडल्या, बॅटरी लावली, किल्ली त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली नाही. अंगणात जाऊन दारापाशी उभा राहिला आणि आत हाक मारली. त्याची हाक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"बाईसाहेब, जरा येता का?"

साळूबाई आल्या. शेडच्या उंबऱ्यावर थबकल्या. कोंडीबानं मोटारीचं दार उघडून धरलं. "बसा. किल्ली फिरवा."

त्या बसल्या, मी किल्ली त्यांच्या हातात दिली. किल्ली आत गेली, सरळ फिरली, चाक सैल पडलं. मी इंजिनाचं बटण दाखवलं, त्यांनी दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

त्या तशाच बसून राहिल्या, दोन्ही हात चाकावर. मग कोंडीबाकडं बघितलं. मालक गेल्यापासून पहिल्यांदाच.

"एवढंच व्हतं?"

"व्हय, बाईसाहेब. एवढंच व्हतं."

त्यांनी इंजिन बंद केलं. पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद केलं. मी खाली मान घालून हत्यारं गोळा करत होतो, पिशवीत भरलेली पुन्हा काढून भरत होतो. कोंडीबा टोपी हातात घेऊन दार धरून उभा होता. थांब, असं त्याला कुणी म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.