नाल्याचं लख्ख चित्र

शालिनी जगदाळे पंचवीस वर्षं राजवाड्यामागच्या खोलीत लोकांचे व्हिडिओ जुळवत होती. सेटिंगच्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही. कॅमेऱ्यानं जसं टिपलं तसंच सॉफ्टवेअरला सांगायचं, उगाच फुगवायचं नाही.

ती राहायची त्या कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष दौलतराव सफाई मोहिमेचं शूटिंग घेऊन आले. "शालिनीजी, एकदम फोर-के बनवून द्या. रविवारी हॉलमध्ये दाखवायचंय."

"तुमचा कॅमकॉर्डर फुल एचडी आहे. पाणी घालून दूध वाढतं का?"

तिने प्रोजेक्ट फुल एचडीवर, सेकंदाला पंचवीस फ्रेमवर ठेवला. हलत्या झाडूंच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येत होत्या. तिने त्या रेघा घालवणारं डीइंटरलेस लावलं आणि चित्र लख्ख झालं.

इतकं लख्ख, की मागचंही सगळं दिसू लागलं. पुढे कमिटीची मंडळी नाकाला रुमाल लावून, कोरे झाडू मिरवत हसत होती. मागे कॉलनी झाडणारी शशिकला गुडघाभर नाल्यात उभी होती. उघड्या हातांनी ती सडलेलं अन्न, डायपर, वापरलेले पॅड उपसत होती. तिच्या हातातल्या गळक्या पिशवीवरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती : जगदाळे व्हिडिओ.

"ती बाई काढा," दौलतराव मागून म्हणाले. "झूम करा, फ्रेमच्या बाहेर जाईल. नाला जरा हिरवा दिसू दे."

"एवढं मोठं केलं तर चित्र फुटेल."

"फुटू द्या ना! तुमची पिशवीपण जाईल," म्हणून ते हसले.

त्या हसण्याची तिला शिसारी आली. क्षणभर आपलाही हात माउसकडे गेला, याची त्याहून जास्त आली. तिने कॅमकॉर्डरचं मेमरी कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "माझ्याकडून नाही होणार."

दौलतरावांनी दुसरीकडून करून आणलं. रविवारी पडद्यावर नाला पोपटी होता, चेहरे फुटलेले होते, शशिकला कुठेच नव्हती. टाळ्या कडाडल्या. खुर्च्या उचलायला बोलावलेली शशिकला दाराशी उभी राहून सगळं बघत होती.

"मी कुठंय, ताई?" तिने शालिनीला विचारलं.

"कापलं तुला. मूळ चित्रात तुझ्या हातात माझ्या घरचा कचरा होता."

"तो तर रोजचाच असतो," शशिकला सहज म्हणाली.

मूळ चित्रण शालिनीच्या कॉम्प्युटरवर होतंच. कॉलनीच्या पुढच्या बैठकीत तिने ते सगळ्यांसमोर लावलं. दोघी-तिघी खाली मान घालून बसल्या. दौलतराव आणि बाकीचे पोहे खायला उठून गेले.