एकसारखे अठरा डबे

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून इथे लिहितेय.

आज मला सुट्टी होती. पडघ्याला ज्या गोडाऊनमध्ये मी काम करते, तिथल्या सेलमधून आणलेले अठरा पारदर्शक डबे महिनाभर तसेच पडून होते. सकाळी सासूबाई शेजारच्या काकूंचा हात धरून विहारात गेल्या आणि मी किचनची कपाटं रिकामी केली. वाकड्या झाकणाचा साखरेचा डबा, मिठाची बरणी, बिस्किटाचा पत्र्याचा डबा, सगळं भंगारवाल्याला दिलं. नव्या डब्यांवर मोठ्या अक्षरात लेबलं लावली. इथे फोटो टाकणार होते.

चार वाजता सासूबाईंनी चहा केला. चहा खारट.

मी हसत म्हटलं, "आई, एवढं मोठं लेबल लावलंय की."

त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "लेबल दिसत न्हाय मला. डबाच धड दिसत न्हाय. जुने हाताला कळायचे."

कधीपासून, तर दिवाळीपासून. इतके महिने आमच्या भाकऱ्या, आमटी, माझा कामावरचा डबा, सगळं चाचपून होत होतं. आणि मी रोज "आई, मस्त झालंय" म्हणत होते.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर गॅसजवळ जाऊ दिलं असतं का तू मला?"

उद्या त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय. आत्ता साखरेच्या डब्याला एक रबरबँड लावलाय, मिठाच्या डब्याला दोन.

खरं सांगा, तुम्ही जाऊ दिलं असतं?