शकूची गाडी आणि मुक्ताईची शेळी

आमची शकू बिबवेवाडीत डबे पोचवते. पोचवते म्हणजे स्वतः, हातात देते. गिऱ्हाईक बहुतेक म्हातारी माणसं, मुलं परदेशात, दार उघडायला वेळ लागणारी. शकू थांबते. कालची आमटी तिखट झाली होती का विचारते, कोणाचा बल्ब गेला असेल तर बदलून देते. असा डबा पुण्यात दुसरीकडे मिळत असेल तर मला येऊन सांगा. मी तिचा थोरला भाऊ. शिक्षण सातवीपर्यंत, पण माणूस ओळखण्यात कसब्यात माझा हात धरणारा कोणी नाही. आणि मी सांगतो, शकूसारखी बाई सगळ्या पेठांत मिळून एक.

तर तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, स्कूटर बंद. तिची मुलगी शेफाली हिंजवडीत मोठ्या कंपनीत आहे. ती म्हणाली, आई, आता डबेच बंद कर. दुसऱ्या कोणाच्या हाती डबे पाठवणं शकूला पटणारं नव्हतं. ती गपचूप ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागली. साठीला टेकलेली बाई पहिल्या फटक्यात लायसन घेऊन आली. आमच्या घराण्यातच ते आहे. मला दोनदा जावं लागलं होतं, पण तेव्हाचे साहेब कडक होते.

मग तिने गाडी बघितली. विजेवरची, कारण फेरी जवळची आणि खर्च कमी. जुनी, कारण लेकीचे पैसे नकोत. गाडी तिच्याच सोसायटीतल्या राजसची. त्याची बंगळूरला बदली झाली होती. पोरगा सरळ. आपणहून सगळं सांगून बसला. बॅटरीतला एक भाग बिघडला होता तो बदलला, चार्जिंगचं सॉकेट एकदा जळलं, मागचं दार ठोकून सरळ केलंय. ऐकून शेफालीने कपाळाला हात लावला. मीही स्पष्ट सांगितलं, माझी बहीण दुसऱ्याची ठोकलेली गाडी फिरवणार, आळीत काय तोंड दाखवू?

शकू म्हणाली, "दादा, आपण दुसऱ्यांची भांडी ठोकूनच जेवलो ना?"



आमचे आबा तांबट. कसब्यातल्या तांबट आळीत घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. दिवसभर सगळ्या आळीत ठोके. त्या ठोक्यांत आम्ही पाढे म्हटले, त्या ठोक्यांत दुपारी झोपलो. सणाला काम बंद असलं की उलट जाग यायची. आता आळीत कान देऊन उभं राहावं लागतं, तेव्हा कुठे एखादा हातोडा ऐकू येतो.

गळकी घागर आली की आबा तिला डाग देऊन भोक बुजवायचे. पण लगेच परत द्यायचे नाहीत. काठोकाठ पाणी भरायचे, ओट्यावर कोरडी राख पसरायचे आणि घागर रात्रभर तिच्यावर ठेवून द्यायचे. सकाळी गिऱ्हाइकासमोर घागर उचलून आधी राख बघायचे. राख कोरडी, तर घागर घेऊन जा. आबांनी डाग दिलेली घागर परत आली, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

एकदा सकाळी घागरीतलं पाणी चांगलं चार बोटं उतरलेलं. गिऱ्हाईक तोंडावर म्हणालं, तांबट, हात गेला तुमचा. आबा राख बघायचं विसरून डागच चाचपू लागले. तेवढ्यात परकरातली शकू पुढे झाली, राख चिमटीत घेऊन चोळून बघितली आणि म्हणाली, "आबा, राख कोरडी आहे. पाणी गळलं नाही, कोणीतरी प्यायलंय." आणि समोरच्या मुक्ताईची शेळी कान धरून घेऊन आली. शेळीच्या दाढीला राख. आळी अशी हसली की ठोके थांबले. त्या दिवसापासून राख बघायचं काम शकूकडे.

आणि आता हीच शकू राजसला म्हणाली, गाडी पूर्ण चार्ज कर आणि दोन दिवस नुसती उभी ठेव. मग बघू. राजस हसला. मला हसू आलं नाही. मला आबांचा ओटा दिसला.

ठरल्या सकाळी आम्ही सगळे पार्किंगमध्ये. गाडीच्या स्क्रीनवर शंभर दिसायला हवं होतं. आकडा बराच खाली. शेफाली म्हणाली, बघ मामा, मी सांगत होते. मीही म्हणालो, गळतीय. राजसचा चेहरा आधीच उतरलेला. शकूच्या हातात रिकाम्या डब्यांची पिशवी होती. तिने ती हळूच खाली ठेवली. मला तिकडे बघवेना.

मग तिने मान वर केली.

"राजस, मधल्या वेळात गाडीकडे कोण आलं होतं?"

"कोणी नाही काकू. चावी माझ्याकडेच." मग खिशातला फोन काढून तो म्हणाला, "मी फक्त फोनवर बघत होतो. चार्ज उतरला तर नाही ना म्हणून. आणि बघावं तेव्हा थोडा उतरलेलाच."

"किती वेळा?"

"सारखाच."

मग त्याचं त्यालाच उमगलं. फोनवरून बघितलं की ही गाडी दर वेळी जागी होते, आणि जागी झाली की चार्ज खाते.

मी म्हणालो, "शकू, शेळी सापडली."

शेफाली आणि राजस एकमेकांकडे बघत राहिले. शकू खांबाला टेकून हसत सुटली, पदर डोळ्यांना लावेपर्यंत.

गाडी पुन्हा भरून ठेवली. या वेळी राजसने फोनला हात लावला नाही. आकडा जवळजवळ जागच्या जागी. शकूने गाडी घेतली. मागच्या दाराची ठोकलेली जागा रंगवून देतो, असं राजस म्हणाला, तर तिने नको म्हटलं. आबाही डाग घासून लपवायचे नाहीत. गिऱ्हाइकाला दिसू दे, म्हणायचे.

पहिल्या फेरीला तिने मला शेजारी बसवलं. गाडीला आवाजच नाही. मागे सीटवर स्टीलचे डबे एकमेकांना लागत होते, टण् टण्. मी डोळे मिटले.

"झोपलास का रे?"

"नाही. आळीत आहे."

 पुढच्या गतिरोधकावर तिने गाडी जरा जोरातच नेली.

पहिल्या घरी तिने डबा घेऊन बेल वाजवली. आतून काठीचा आवाज येऊ लागला, हळूहळू. शकू थांबली.